फेदरवेट चॅम्पियन

डेनिस एकेकाळी बॉक्सिंगचा राज्य चॅम्पियन होता, फेदरवेटमध्ये. मालाडच्या त्याच्या गावठाणात आता हे कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. पोरं त्याला “अंकल, जरा बाजूला” एवढंच म्हणायची, आणि बायको, एथेल, गेल्यापासून घरातही ती गोष्ट ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

फायनलला त्याने ज्याला आडवं केलं होतं, तो रतन गेल्याचं कळलं तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. रतन डूख धरून असेल, या धास्तीने तो इतकी वर्षं जोगेश्वरीला फिरकलाच नव्हता.

रतनच्या बायकोने, सोनूबाईने, त्याला दारातच ओळखलं.

“इतका उशीर करतात का, भावजी? पाहुणा आला की हे सांगायचे, मला कुणा लल्लूपंजूने नाही पाडलं, डेनिसने पाडलं.”

फुलं वाहायला डेनिस आत गेला, तशी ती ओशाळली.

“फोटोला हसू नका हां. फ्रेम केलेला यांचा एवढाच आहे. दुसरा कधी लावूच दिला नाही.”

 

पांढऱ्या फुलांच्या माळेत रतन रिंगमध्ये आडवा पडला होता, आणि त्याच्याशेजारी तरणाबांड डेनिस हात उंचावून उभा होता.