ओळंबा
दिशाच्या गेम पार्लरमधल्या पिनबॉल मशीनच्या पोटात तारेला एक लंबक टांगलेला होता. मशीन जरा जास्त हलली, की तो बाजूच्या कडीला टेकायचा आणि डाव तिथंच मोडायचा. तिचे वडील कोंडिबा जन्मभराचे गवंडी. भिंत सरळ आहे का ते तपासायच्या दोरीच्या वजनासारखा दिसतो, म्हणून ते त्याला ओळंबाच म्हणत. हल्ली त्यांचे हात इतके थरथरायचे, की एकही डाव पुरा होत नसे. बाजारात आलेल्या नव्या पिनबॉल मशीनच्या व्हिडिओनं सगळं भुकूम गाव खुळावलं होतं. कोंडिबांनी तो पाहिला. "दिवे लई हायेत," म्हणाले आणि पुन्हा जुन्या मशीनला चिकटले. शेवटी दिशानं दुरुस्तीच्या नावाखाली लंबकच काढला. आज डाव रंगला. मधेच थांबून कोंडिबांनी मशीनला मुद्दाम धक्का दिला. डाव चालूच! "दिशे, ओळंबा कुटं हाय?" तिनं तो खिशातून काढून दाखवला. "परत बसव," ते म्हणाले. "मी किती हलतोय, कळू दे मला."