लाइन तुटली नाही

माझ्या गोष्टींतले फोन ऐन वक्ताला बंद पडतात, ही मनकर्णाची जुनी तक्रार. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सांभाळून मी साप्ताहिकाला रहस्यकथा पाठवायचो, आणि पहिली वाचक माझी बायको मनकर्णाच.

त्या दुपारी मी तिला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. "बाई, तुमचा जीव घेणाऱ्याचं नाव सांगतो. त्याचं नाव... आणि लाइन तुटली."

"कवातरी पुरं बोलू द्या की त्या माणसाला," ती म्हणाली.

मी हसून शेवटचे तीन शब्द खोडले.

तेवढ्यात बैठकीतला फोन वाजला. वादळात तार पडल्यापासून आठ दिवस तो मुका होता.

मनकर्णानं उचलला. ती नुसती ऐकत राहिली. मग तिनं तो हळूच खाली ठेवला.

"कोण होतं?"

"तुमच्या गोष्टीतला माणूस. लाइन तुटली न्हाई आज."

"मग? कुणाचं नाव सांगितलं?"

मी जवळ गेलो, तशी ती डोक्यावर पदर ओढून मागं सरली.

"लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, ते नाव मी तोंडानं घेतलं न्हाई. आज कसं घेऊ?"