रुचिकाचे पाय

रुचिकानं भिंतीला हात लावला तेव्हा अंजू अजून हातभर मागं होती. हातभर म्हणजे काही फार नाही. पण तीन वर्षं गोंदियाच्या त्या तरण तलावात आठशे मीटरला अंजूच्या आधी कोणी भिंत शिवली नव्हती. आणि ही गोरेगाव तालुक्यातल्या खेड्यातली पोट्टी महिन्याभरापूर्वी आली अन् आज सरावातच शिवून मोकळी झाली.

"पाय पाहा पोरीचे, पाय!" पोहणं शिकवणारे हेमेंद्र सर काठावर नाचत होते. "मोटर लगी है, मोटर!"

अंजू महिनाभर दुसरं काय पाहत होती? दोन हात फिरेपर्यंत रुचिकाचे पाय सहादा हलायचे. मागं असा फेस उठायचा की जणू कोणी पाण्यात ताक घुसळतंय. अंजू वर्गात बसली तरी तिला तोच फेस दिसायचा. जेवताना वरणात दिसायचा. आत्ताही रुचिका काठाला लटकून धापा टाकत होती, तोंड लालभडक झालं होतं, पण अंजूचे डोळे तिच्या तोंडावर कशाला जातील? ते खाली, पायांवरच खिळलेले.

रविवारी निवड होती. नागपूरच्या विभागीय स्पर्धेत आठशे मीटरला जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार. ती जागा अंजूची होती. म्हणजे कालपर्यंत होती.

कपडे बदलायच्या खोलीत रुचिका केस पिळत उभी होती. अंजू गोड आवाज काढून जवळ गेली.

"का गं, पोहायले कुठं शिकली तू?"

"आमच्या बोडीत, ताई. धानाले पाणी देतो ना, त्या तळ्यात. खाली लय गाळ हाय. पाय जरासा खाली गेला का फसला. मंग बाबा काठावरून ओरडे, पाय वर ठेव, मार लाता!"

"मंग इथं कायले मारून राहिली? इथं तं खाली फरशी हाय."

रुचिका थांबली. हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मासा गळाला तोंड लावतोय हे पाहून अंजूनं दोर सैल सोडला. "हे पाह्य, मांडीएवढं मोठं आपल्या अंगात दुसरं काही नाही. ते हललं का सारा दम तेच खाते. लांबच्या रेसमध्ये पाय नुसते मागं येऊ द्याचे. एका हातासंग एक हलकी लात, बस. मोठे मोठे पोहणारे असंच करतात."

यातलं अक्षर तिनं कुठं वाचलं नव्हतं. पण थाप मारायची तर तिला कारणाचं अस्तर लावावं लागतं, एवढी अक्कल तिला होती. एवढी गुळगुळीत थाप तिनं आजवर कोणाला मारली नव्हती.

रुचिकानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं ताई," म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

मग आठवडाभर अंजूनं काय करावं? फळी धरून लाता मारल्या. सकाळी मारल्या, संध्याकाळी मारल्या. रुचिकाची मोटर काढून आपल्याला बसवायची, असा सरळ हिशोब. मांड्या पेटून उठायच्या. अंजू दात खायची आणि आणखी मारायची.

रविवारी शिट्टी वाजली. अंजू अशी सुटली की काठावरच्या लोकांच्या चपला भिजल्या. अर्धी रेस होईस्तोवर ती चांगलीच पुढं होती. श्वास घ्यायला मान वळवली की मागं रुचिका दिसायची. फेस नाही, आवाज नाही, पाय आपले मागं मागं येताहेत. फसली पोट्टी! अंजूला पाण्यातच हसू आलं आणि नाकात पाणी गेलं.

मग मांड्यांनी संप केला.

आधी उजवी, मग डावी. पाय दगड झाले आणि खाली ओढायला लागले. छातीला हवा पुरेना. तिनं आणखी जोरानं लाता मारल्या, तेव्हा उरलासुरला दमही गेला. शेजारच्या रांगेतून रुचिका पुढं निघाली. नुकतीच झोपून उठल्यासारखी, अगदी ताजीतवानी.

अंजूनं भिंत शिवली तेव्हा रुचिका चष्मा काढून काठावर बसली होती.

"पाय कमी मारायचं कोणं सांगितलं तुला?" सरांनी विचारलं. त्यांचा स्वतःचा जीव पन्नास मीटरच्या पलीकडं कधी रमलाच नव्हता, लांबच्या रेसचं गणित त्यांना ठाऊकच नव्हतं.

"अंजूताईनं."

सर वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. "अंजू! सोताची जागा जाईल हे माहीत असून सांगितलं? क्या बात है बेटा!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. अंजू पाण्यात गळ्यापर्यंत उभी. तिलाही हसून हात वर करावा लागला. तो हात तिला दोन्ही पायांपेक्षा जड झाला.

गर्दी पांगल्यावर रुचिकानं तिला हात देऊन वर ओढलं आणि हळूच म्हणाली, "मले पाडाले सांगतलं ना ताई तूनं? मले त्याच दिवशी समजलं होतं."

अंजूनं मान वळवून सर कुठं आहेत ते पाहिलं.

"पण दुसऱ्या दिवशी तू यायच्या आधी तसं पोहून पाह्यलं, तं दमच नाही लागला." रुचिकानं आपला टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. "सर वाहवा करत, बाबा वाहवा करत. माह्या पायाकडं खरं ध्यान तं एक तुहंच होतं. नागपूरले चाल माह्या संग, ताई. काठावर बस, अन् अशीच जळत राहाजो."