विझलेला म्हणजे लाल

फुसाए परसातून आत आली तेव्हा दाराशी नवऱ्याचे, गेन्किचींचे, बूट नव्हते. घरात तेही नव्हते. समुद्रावरून धुकं चढलं होतं आणि भर दुपारी सगळं गाव कुठेतरी तरंगत निघाल्यासारखं दिसत होतं.

"पुन्हा हरवले, तर मी बाबांना शहरातल्या वृद्धाश्रमात नेणार. तेव्हा रडू नकोस, आई," लेकीनं रविवारीच बजावलं होतं. फुसाए तशीच धावत सुटली. रेल्वेचे रूळ घरापासून पाच मिनिटांवर होते.

गेन्किचींनी छत्तीस वर्षं या किनाऱ्यावर एका डब्याची गाडी चालवली. प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं पुकारायचं, ही ड्रायव्हरांची रीत त्यांनी घरीही सोडली नाही. "गॅस, बंद!" "कडी, लागली!" शेजारी हसायचे. हल्ली बोट तेवढं उठायचं. पुढचे शब्द सापडायचे नाहीत.

एकदा सिग्नलचा दिवा विझला म्हणून त्यांनी भर बर्फात गाडी पाऊण तास उभी केली होती. एक मासेवाला करवादला, "अहो, लाल कुठाय? काळाठिक्कर पडलाय तो!"

"दिवा विझला म्हणजे वाट मोकळी, असं कुणी सांगितलं तुम्हाला? विझलेला म्हणजे लालच. पुढून कुणी 'या' म्हणेपर्यंत हलायचं नाही."

मासेवाला स्टेशन येईपर्यंत पुटपुटत राहिला. त्या थंडीत मासे थोडेच नासणार होते!

गेन्किची फाटकाजवळ नव्हते. धक्क्यावरही नव्हते. शेवटी ते तिठ्यावर दिसले. एक वाट घराकडे, एक धक्क्याकडे, एक रुळांकडे, आणि मधोमध ते ताठ उभे. धुक्यानं केस ओले झाले होते.

"अहो! कधीपासून उभे आहात इथे?"

"सिग्नल विझलाय."

फुसाएनं वर पाहिलं. सिग्नल सोडा, तिथे साधा खांबही नव्हता. म्हणजे लेक म्हणते तेच खरं.

"इथे कुठला आलाय सिग्नल?"

गेन्किचींनी सवयीनं बोट उचललं आणि हळूच स्वतःच्या कपाळाला टेकवलं.

"हा. म्हणून थांबलो, तू 'या' म्हणेपर्यंत."