बाग्रासवरची फुली

मनिलाहून आलेल्या इंजिनियरने रस्ता रुंद करण्यासाठी तोडायच्या झाडांवर लाल फुल्या मारल्या. तेकलामावशीच्या दारातल्या बाग्रासच्या झाडावरही एक मारली. त्याच्या मुळाशी तिच्या मुलाची नाळ पुरलेली होती. झाड उभं असेपर्यंत जहाजावर गेलेला पोरगा परतणार, अशी तिची खात्री. ती तावातावाने भांडली. "तोडणारे तीन महिन्यांनी येतील," इंजिनियर एवढंच म्हणाला. ऐकताच तिने भांडण सोडलं आणि खोडावरच्या सुटू लागलेल्या सालीवरून हात फिरवला. तीन महिने सरले आणि आज मुकादम दोमेंग करवतवाले घेऊन आला. बाग्रासची जुनी साल गळून गेली होती. हिरव्या-केशरी खोडावर फुली कुठेच नव्हती. "मावशी, खरवडलीस ना?" "मी कशाला? झाडानेच कपडे बदलले." दोमेंगला मुळाशी लाल फुलीची साल दिसली. तो याच गावचा. "फुली नाही, पुढे चला!" तो ओरडला. साल मावशीच्या हाती देत पुटपुटला, "चुलीत घाल. पोरगा आल्यावर डुक्कर भाजशील तेव्हा मला बोलव."