कोपऱ्यावरची जागा

नगरसेविका दुकानात शिरली तेव्हा टेलरबाईंनी मशीनवरून मान वरसुद्धा केली नाही.

"बाई, हा ब्लाउज जरा आत घ्याल का?"

"मागच्या महिन्यातच घेतला होता की."

"घेतला होतात. परत सैल झाला."

टेलरबाईंनी टेप काढून तिच्या दंडाभोवती गुंडाळली. दोन बोटं आरामात आत जात होती. मतांसाठी दारोदार हिंडायचं तर वाळणारच, त्या मनाशी म्हणाल्या. ब्लाउज हा नुसता बहाणा आहे, हे न कळायला त्या काय काल जन्मल्या होत्या?

नगरसेविका स्टुलावर टेकली आणि नेहमीसारखी दुकानभर नजर फिरवू लागली. छत, शटर, गल्लीकडे उघडणारी खिडकी.

"दुकान स्वतःचंच ना?"

"यांनी घेतलं होतं. ते गेले, एवढी जागा मागे राहिली."

"मुलं किती तुम्हाला?"

"एकच मुलगी. लग्न होऊन गेली सासरी. का हो?"

"सहज विचारलं."

सहज! तिच्यासोबतचा माणूस, ज्याला सगळी गल्ली फाइलवाला म्हणायची, तो बाहेरून मोबाइलवर दुकानाचा फोटो घेत होता. वर म्हणतो कसा, "बाई, जरा मान वर करा ना."

"दुकानाचा घ्यायचाय तर दुकानाचा घ्या. मी काय भिंत आहे?"

नगरसेविका हसली. हसता हसता तिला धाप लागली. पाणी मागून तिने पर्समधली गोळी घेतली आणि बाहेर पडली.

टेलरबाई शटरशी गेल्या आणि कान देऊन उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडे नगरसेविका फोनवर बोलत होती.

"हो, कोपऱ्यावरचीच. माझं ठरलंय, जागा पक्की. छे छे, तिला इतक्यात कळू देऊ नका, बिथरेल. आधी गल्लीला तयार करते."

गल्ली रुंद होणार, अशी कुजबुज होतीच. आता कुणाची भिंत आधी जाणार, तेही कळलं.

घरी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पण किती गोड बोलते गं ती! परवा माझे पाय कसे आहेत विचारत होती."

"तुमचे पाय विचारता विचारता आपल्या पायाखालची जमीन काढून घेईल, तेव्हा कळेल."

"तुला सगळ्यांचाच संशय. दूधवाल्याचाही यायचा."

"आणि तो पाणी घालतच होता ना?"



मग नवीनच त्रास सुरू झाला. सकाळी दुकान उघडावं तर दारात बायका उभ्या. नळाला पाणी नाही. दिवा बंद आहे. गटार तुंबलंय. कुणी पाठवलं, तर म्हणे नगरसेविकेनं. 'टेलरबाईंना सांगा, त्या बघतील.'

"बघा, बघा!" टेलरबाई कडाडल्या. "लोकांना माझ्या अंगावर सोडतेय. वैतागून मी शटर ओढावं म्हणून!"

पण त्याही हट्टाला पेटल्या. पाण्याच्या कार्यालयात जाऊन साहेबाच्या टेबलासमोर ठाण मांडून बसल्या. साहेब आधी गुरगुरला, नंतर नरमला, शेवटी स्वतः माणूस पाठवून त्याने नळ दुरुस्त करवला. दिव्याचंही तसंच झालं. गटारवाल्यांनी तर त्यांना लांबून येताना पाहिलं आणि फावडी उचलली.

संध्याकाळी त्या घरोघरी फिरायच्या. म्हाताऱ्यांशी बसून बोलायच्या, भांडणारे शेजारी समोरासमोर आणायच्या. आणि निघताना प्रत्येक दारात एकच सांगायच्या, "सभा लावेल ती. जागेचं नाव काढलं की सगळ्यांनी माझ्यामागे उभं राहायचं."

"आम्ही आहोत, बाई," लोक म्हणायचे. कधी नव्हे ती सगळी गल्ली एका तोंडाने बोलत होती.

आणि सभा लागलीच. तीही दुकानासमोर! खुर्च्या मांडल्या गेल्या. पुढच्या रांगेत एक जाडजूड अनोळखी गृहस्थ येऊन बसले आणि टेलरबाईंना आपादमस्तक न्याहाळू लागले. फोनवर होता तो बिल्डर हाच असणार. टेलरबाईंनी मनात त्याला चार शिव्या हासडल्या.

नगरसेविका बसूनच बोलली. "आज मला एका जागेबद्दल बोलायचंय..."

"मिळणार नाही!"

टेलरबाई उभ्या राहिल्या होत्या. आवाज खणखणीत लागला. "आमचे नळ आम्ही सुरू करून घेतले. दिवे आम्ही लावून घेतले. तुम्ही काय केलंत? नुसत्या चकरा मारल्यात! या गल्लीला तुमची गरज नाही. आमचं आम्ही बघू. आणि जागेचं म्हणाल, तर मला उचलून बाहेर टाकावं लागेल. टाका बघू!"

गल्ली उठून उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. सासूबाईही काठी आपटत होत्या. टेलरबाईंना रडू फुटलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

ओरडा थांबल्यावर नगरसेविका खुर्चीला धरून कशीबशी उठली. आत घेतलेला ब्लाउज पुन्हा खांद्यावरून उतरला होता. तिने तो सारखा केला आणि पुढच्या रांगेतल्या गृहस्थांकडे वळली.

"ऐकलंत ना साहेब? पक्षाला काय ते कळवा."

मग ती टेलरबाईंपाशी आली. डोळे तिचेही भरले होते.

"अहो बाई, तुमची जागा कोण मागतंय? मी माझी देतेय."