गटाराच्या तोंडाशी

पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी बाजारातल्या गटाराचं तोंड मोकळं केलं, तेव्हा चिखलापेक्षा प्लॅस्टिकच्या पिशव्याच जास्त निघाल्या. किराणा दुकानदार भालचंद्र शेटे बघायला पुढे झाले आणि जागीच थबकले. निम्म्या पिशव्यांवर त्यांच्याच दुकानाचं नाव होतं.

शेजारच्या गाळ्यात हुसेनभाई शिंपी शिलाई मशीन आडवं करून गाळ काढत बसले होते. तुंबलेलं पाणी सगळ्यात आधी त्यांच्याकडेच शिरलं होतं. गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे त्यात गेले होते.

शेटे त्यांच्यासमोर खाली बसले. "हुसेनभाई, त्या पिशव्या माझ्या दुकानातल्या आहेत."

"ठाऊक आहे," मान वर न करता ते म्हणाले. "पाणी आत आलं तेव्हा त्याही आल्या होत्या."

शेटेंना माफी मागायची होती. त्यांनी एक चिंधी उचलली आणि ते मशीनचं चाक पुसू लागले. दुपार कलली तेव्हा कुठे चाक फिरलं.

"मला कापडी पिशव्या शिवून द्याल?"

हुसेनभाईंनी चाक पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. "देईन. पण गिऱ्हाईक तुटायला लागलं की माघार घ्याल."

शेटेंनी नकारार्थी मान हलवली.

कापडी पिशव्या शिवून आल्या त्याच दिवशी शेटेंच्या दुकानात एक रोजची गिऱ्हाईक बाई रिकाम्या हाताने आली. साखर, डाळ, पोहे काढून झाले.

"प्लॅस्टिकची पिशवी नाही, ताई. घरून आणा, नाहीतर कापडी घ्या."

बाई सामान तसंच टाकून समोरच्या दुकानात शिरली. शेटेंनी तिला हाक मारली नाही.